घोडी गाभण आहे की नाही? घरी येऊन तपासणी करणाऱ्या अश्ववैद्यक सेवेचा अनुभव

पिरंगुटच्या पुढे आमची चार घोड्यांची लहानशी पागा आहे. ऑगस्टच्या अखेरीस आमच्या एका घोडीची गर्भतपासणी आम्ही एका खासगी पशुवैद्यांकडून करून घेतली. हे डॉक्टर फक्त घोड्यांवर उपचार करतात आणि सोनोग्राफीचे यंत्र गाडीत घेऊन पागेवर येतात. पुण्याच्या आसपास गाई-म्हशींची गर्भतपासणी करणारे अनुभवी हात पुष्कळ आहेत, परंतु घोडीसाठी नेमके कोणाला बोलवावे, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, याबद्दल मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. डॉक्टरांना जाहिरात नको असल्याने त्यांचे नाव येथे दिलेले नाही.

पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण तपासणी त्या पार्श्वभूमीवरच उभी होती. चांदणी ही नऊ वर्षांची कुमेत घोडी आम्ही डिसेंबरमध्ये दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. ‘घोडी खाली आहे (म्हणजे गाभण नाही), हातावरची आहे, लहान मूलही बसेल,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि त्यातील शेवटच्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या, त्यामुळे पहिलीवरही आमचा विश्वास बसला. आमच्याकडे तेव्हा दोन खच्ची केलेले घोडे होते. फेब्रुवारीच्या ११ तारखेला एका स्नेह्यांचे पंधरा महिन्यांचे नर शिंगरू सांभाळायला आले आणि जागेअभावी ते चांदणीच्याच कुंपणात सोडले गेले. ‘अजून दूध पिण्याचे वय आहे त्याचे,’ असे मीच म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते. मे महिन्याच्या मध्यावर त्याला खच्ची करण्यात आले आणि जखम भरताच, म्हणजे आठ-दहा दिवसांत, पुन्हा तेथेच सोडण्यात आले.

पावसाळ्यात हिरवे गवत मुबलक झाले आणि चांदणीचे पोट दिसू लागले. गवताचे पोट हे घोड्यांच्या बाबतीत नेहमीचेच असते. जंतांमुळेही पोट सुटते. तरीही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना नेहमीचे छिद्र गाठेना, तेव्हा घोड्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या मोतद्दारांनी शंका बोलून दाखवली. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. घोडीला थंडगार पाणी पाजून कुशीवर नजर ठेवली की शिंगरू हललेले दिसते, ही त्यांची जुनी परीक्षा. ती त्यांनी दोनदा केली आणि दोन्ही वेळा कुशीत काहीतरी हलले. अडचण अशी की ज्या खच्ची घोड्याला मी कुतूहलापोटी तसेच पाणी पाजले, त्याच्या कुशीतही हलले, कारण घोड्याचे आतडे मोठे असते आणि ते सतत चालूच असते. पागेतील एका उत्साही मुलाने औषधांच्या दुकानातून माणसांची गर्भचाचणीची पट्टी आणली होती. तिचा निकाल नकारार्थी आला आणि तो तसाच येणार होता, कारण ती पट्टी जो संप्रेरक शोधते तो घोडीच्या शरीरात तयारच होत नाही.

त्यानंतर आम्ही जी चूक केली तिचे पैसे मोजले. ओळखीच्या एका पशुवैद्यकीय मदतनीसाकडून १२ ऑगस्टला रक्त काढून घेतले आणि शहरातील एका प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या तपासणीसाठी पाठवले. नऊशे रुपये गेले. दोन दिवसांनी कागद आला, प्रमाण कमी होते, आणि फोनवर विचारले असता ‘निगेटिव्ह समजा’ असे उत्तर मिळाले. कागदावर गर्भधारणेबद्दल एक अक्षरही नव्हते, ही गोष्ट मी पुढे दहा दिवसांनी लक्षपूर्वक वाचली. दरम्यान ‘खाली आहे’ असे समजून आम्ही तिची चंदी (दाण्याचा खुराक) कमी केली आणि व्यायाम वाढवला. तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन वरातींसाठी तिला देण्याचा शब्दही मी एका परिचितांना देऊन बसलो.

पोट मात्र कमी होईना. तेव्हा घोड्यांच्या क्षेत्रातील एका जुन्या माणसाने या डॉक्टरांचा क्रमांक दिला. पहिल्या दोन दिवसांत सहा वेळा फोन करूनही उचलला गेला नाही, तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांचाच आला. ही गैरसोय नोंदवून ठेवतो, कारण ती पुढेही कायम राहिली.

तो फोन मात्र पंचवीस मिनिटे चालला, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्या पंचवीस मिनिटांतच होते. ‘कधी येऊ’ याऐवजी त्यांनी विचारले, ‘नर जवळ कधीपासून कधीपर्यंत होता?’ घोडी कधी घेतली, आधीच्या मालकाकडे वळू घोडा होता का, शिंगराचे वय किती, त्याला खच्ची नेमके कधी केले, केल्यानंतर किती दिवसांनी घोडीजवळ सोडले, ती माजावर आलेली शेवटची कधी दिसली, असे एकामागून एक प्रश्न आले. पंधरा महिन्यांचे शिंगरू गर्भ ठेवू शकते का, असे मी जरा हसतच विचारले. सगळीच ठेवत नाहीत, परंतु काही ठेवतात आणि म्हणूनच वर्षाचे झाले की नर शिंगरू वेगळे बांधायचे असते, असे त्यांनी न हसता सांगितले. खच्ची केल्यानंतरही मार्गात उरलेल्या शुक्रजंतूंमुळे काही आठवडे धोका राहतो, त्यामुळे आमच्या बाबतीत संशयाचा काळ मे महिन्यात संपत नाही, तो जूनमध्ये शिरतो, हेही तेव्हाच कळले.

मग त्यांनी तारखांचा हिशेब मांडला. घोडीचे दिवस सरासरी ३४० असतात आणि ३२० ते ३६५ दिवसांपर्यंत कधीही ती विऊ शकते. सारंगखेड्याहूनच ती गाभण आली असेल तर ऑगस्टअखेर निदान साडेआठ महिने भरलेले असतील आणि मग वेळ हाताशी फार थोडा आहे. शिंगराचा प्रताप असेल तर दोन-अडीच महिन्यांपासून साडेसहा महिन्यांपर्यंत काहीही असू शकते. या दोन शक्यतांना एकच तपासणी सारखे उत्तर देत नाही. सुरुवातीच्या दिवसांत, म्हणजे फलनानंतर चौदा-पंधरा दिवसांनी, गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची गोल पिशवी दिसते आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास हृदयाचे स्पंदन दिसते. साधारण ४० ते १२० दिवसांच्या दरम्यान रक्तात एक विशिष्ट संप्रेरक सापडतो, ज्याला पूर्वी पीएमएसजी म्हणत आणि आता ईसीजी (इक्वाइन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन) म्हणतात. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्यावर आधारित तपासणी संचही विकसित केलेला आहे. परंतु आमच्या घोडीचे दिवस १२० च्या पुढे गेले असतील तर ही तपासणी नकारार्थी येईल आणि आम्ही पुन्हा फसू. उलट बाजूही आहे: गर्भ चाळीस दिवसांनंतर गेला तरी तो संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात टिकून राहतात, आणि रिकामी घोडीही काही आठवडे गाभण ठरते. शंभर दिवसांच्या पुढे इस्ट्रोन सल्फेटची तपासणी अधिक भरवशाची असते, कारण तो संप्रेरक जिवंत गर्भाशी जोडलेला असतो.

आमचा प्रोजेस्टेरॉनचा कागद मी व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. प्रोजेस्टेरॉन वाढलेले असले तरी घोडी गाभण आहे असे सिद्ध होत नाही, कारण २१ दिवसांच्या चक्रात माज संपल्यावर जवळजवळ दोन आठवडे ते वाढलेलेच असते. आणि पाच-सहा महिन्यांच्या पुढे आईच्या रक्तातील त्याचे प्रमाण आपोआप खाली येते, गर्भ टिकवण्याचे काम तोवर वारेकडे (प्लासेंटाकडे) गेलेले असते. तेव्हा ते कमी दिसले म्हणून घोडी खाली आहे असेही म्हणता येत नाही. ‘तपासणी बरोबर झाली असेल, फक्त ती तुमच्या प्रश्नाची नव्हती,’ एवढेच ते बोलले. नवे रक्त काढण्याचा माझा आग्रह त्यांनी मानला नाही. एका तपासणीचे शुल्क त्यांना सहज मिळाले असते.

भेट २८ ऑगस्टच्या सकाळी आठची ठरली आणि डॉक्टर सव्वाअकराला पोहोचले. ते शहराच्या पूर्वेकडून येतात. वाटेत पोटशुळाचा एक घोडा पाहावा लागला आणि उरलेला वेळ चांदणी चौकाने खाल्ला. पोटशूळ थांबत नाही हे मान्य आहे, परंतु सकाळी आठपासून उपाशी बांधलेल्या घोडीसाठी एक निरोप देता आला असता. चांदणी चौकाने चांदणीला रोखले, यावर मामा दिवसभर खूश होते.

आमच्याकडे ट्रेव्हिस, म्हणजे जनावर उभे करण्याचा लोखंडी खोडा नाही. मी सवयीने ‘धरून ठेवू’ म्हटले, त्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. गाईच्या तुलनेत घोडीचे गुदाशय फाटण्याचा धोका बराच अधिक असतो आणि तसे झाले तर घोडी दगावू शकते, हे त्यांनी हातमोजा चढवण्याआधी आम्हा सर्वांना ऐकवले. मग चांदणीला तबेल्याच्या दाराच्या भक्कम खांबाला अंग लावून उभे केले, मागे कडब्याच्या पेंढ्या कमरेइतक्या रचल्या, मानेच्या शिरेतून गुंगीचे इंजेक्शन दिले आणि ती मान खाली टाकेपर्यंत थांबले. शेपटीला कापडी पट्टी गुंडाळली. हातभर वंगण लावून आतील लीद मूठ-मूठ करत काढण्यातच पंधरा मिनिटे गेली. घोडी आवळू लागली की हात जिथे असेल तिथेच थांबायचा आणि ती सैल झाली की पुढे सरकायचा, असा तो प्रकार होता. मी आजवर पाहिलेल्या हाताच्या तपासण्यांमध्ये इतका संयम क्वचितच पाहिला आहे.

आतून केलेल्या सोनोग्राफीत पडद्यावर काळा द्रव आणि गर्भाशयाची जाड भिंत दिसली, परंतु शिंगरू दिसले नाही. मधल्या महिन्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या कडेवरून खाली उतरलेले असते आणि गर्भ हाताच्या टप्प्याबाहेर राहतो, असे ते म्हणाले. एवढ्यावर ‘गाभण’ म्हणून ते निघू शकले असते. त्याऐवजी त्यांनी यंत्राला दुसरा, बाहेरून अंगावर टेकवायचा प्रोब (चित्र टिपणारा भाग) जोडला, कासेच्या पुढच्या पोटावरचे केस स्पिरिटने भिजवले आणि गुडघ्यांवर बसून जवळजवळ वीस मिनिटे शोध घेतला. घोडीच्या पोटाखाली गुडघ्यावर बसणे हे कोणत्याही दृष्टीने सुखाचे काम नाही. प्रथम फणीच्या दातांसारख्या बरगड्या आल्या. त्यांच्या आड काहीतरी लुकलुकत होते. ते हृदय, आणि त्याचा वेग आईच्या ठोक्यांच्या दुपटीहून अधिक होता. मामांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्या पोटात मात्र त्या क्षणी गोळा आला, कारण दोन आठवडे कमी केलेली चंदी आठवली.

वय ठरवण्यासाठी त्यांनी डोळ्याच्या खोबणीचा व्यास तीन वेळा मोजला आणि साडेपाच ते साडेसहा महिने असा अंदाज दिला. त्याहून नेमके सांगणे यंत्राच्या जोरावर शक्य नाही, असेही बजावले. उरलेले काम आमच्या पागेच्या वहीने केले. आम्ही त्या वहीत चारा, नाल, औषधे एवढेच लिहितो. डॉक्टरांनी ती मागून घेतली, फेब्रुवारी-मार्चची पाने उलटली आणि २५ फेब्रुवारीच्या एका ओळीवर बोट ठेवले: ‘नालबंद आले, चांदणी उभी राहिली नाही, शेपटी वर, सारखी मुतत होती, दोन नाल बाकी.’ आम्हाला तो नालबंदाचा त्रास वाटला होता आणि त्यासाठी घोडीला बोलही बसले होते. प्रत्यक्षात ती माजावर होती. घोडीचा माज पाच ते सात दिवस टिकतो आणि बीज सुटते ते शेवटच्या एक-दोन दिवसांत. म्हणजे फलन १ मार्चच्या आसपास झाले, २८ ऑगस्टला १८० दिवस भरले आणि ३४० दिवस ४ फेब्रुवारीला भरतील, पण लक्ष जानेवारीच्या मध्यापासून ठेवायचे. सारंगखेड्याचा व्यापारी निर्दोष सुटला. एप्रिलमध्ये ती खच्ची घोड्यासमोर पुन्हा शेपटी उचलत असे, हे मी आक्षेपादाखल सांगितले, तेव्हा काही घोड्या गाभण असतानाही माजाची लक्षणे दाखवतात, असे उत्तर मिळाले.

सल्ल्याचा भाग थोडक्यात, पण कामाचा होता. सपाटीवरची हलकी रपेट अजून दीड-दोन महिने चालेल. वराती मात्र बंद, कारण नोव्हेंबरअखेर ती नऊ महिन्यांची असेल आणि डीजेच्या भिंतीसमोर तिला उभे करणे गैर आहे. चंदी लगेच पूर्ववत करायची, पण दुप्पट करायची नाही, कारण शिंगराची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते आणि खुराक तेव्हा वाढवायचा असतो. हर्पिसच्या विषाणूमुळे घोडी गाभडू नये यासाठीची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. पाचव्याची वेळ उलटल्याने त्यांनी पहिली मात्रा त्याच दिवशी दिली. धनुर्वाताची लस विण्याच्या महिना-सव्वा महिना आधी. कास भरू लागली की साधारण दोन ते सहा आठवडे उरतात, आणि सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागले की रात्रीची झोप सोडायची.

खर्च असा झाला: भेट, प्रवास, गुंगीचे औषध आणि दोन्ही प्रकारची सोनोग्राफी मिळून साडेचार हजार रुपये, लस वेगळी. पावती मिळाली, परंतु एका ओळीची. कशाचे किती हे मागूनही लिहून मिळाले नाही. सोनोग्राफीचे चित्र उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदावर आले होते आणि ते आताच फिके पडू लागले आहे, म्हणून ते मिळताच मोबाइलवर टिपून ठेवावे. अहवाल अर्ध्या पानाचा आणि पूर्ण इंग्रजीत होता. तो मामांना मला वाचून दाखवावा लागला, आणि घोडीजवळ रोज असतात ते मामा. कोरडा का होईना, एक मराठी कागद तबेल्याच्या भिंतीवर लावण्यासाठी देणे अवघड नसावे.

एका स्नेह्यांनी घोडी गाडीत घालून शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेण्याचे सुचवले होते. ज्यांच्याकडे घोड्यांची गाडी आहे आणि घोडी प्रवासाला सरावलेली आहे त्यांनी तो पर्याय जरूर विचारात घ्यावा. आम्हाला दिवस माहीत नसताना पुणे-सातारा रस्त्यावर तिला हिंदकळवणे योग्य वाटले नाही. ज्यांना नराशी संबंध आल्याची नेमकी तारीख ठाऊक आहे त्यांना इतका खटाटोप करावाही लागणार नाही. सोळाव्या दिवसाच्या आत एक सोनोग्राफी केली तर गर्भ आहे का आणि जुळे तर नाही ना, ही दोन्ही उत्तरे एकाच भेटीत मिळतात. जुळे असल्यास काही करता येण्याची उत्तम वेळही तीच असते, आणि घोडीला जुळे सहसा पेलत नाही.

पाचांपैकी चार गुण मी देईन. कापलेला एक गुण फोन, उशीर आणि तो इंग्रजी अहवाल यांनी वाटून घ्यावा. पुढची भेट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली आहे. वरातीच्या परिचितांना मी दुसरी घोडी मिळवून दिली. शिंगराच्या मालकांना बातमी कळवली तेव्हा त्यांनी आधी अभिनंदन केले आणि नंतर अर्धा हक्क मागितला, तो विषय अजून चालू आहे. एक अडचण मात्र शिल्लक आहे: हे डॉक्टर रात्री विण्याच्या वेळी येत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितले होते, आणि घोड्या बहुधा रात्रीच वितात. मुळशी, पौड, पिरंगुट या पट्ट्यात रात्री येऊ शकणारे, घोडीचा अनुभव असलेले कोणी पशुवैद्य ठाऊक असल्यास जानेवारीच्या आत कृपया कळवावे.